काटा मधोमध होता, तरी चेहरे काळे का आले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात वडिलांचा पेंटॅक्स के१००० हा जुना फिल्मचा कॅमेरा सापडला. नवा सेल घातला, कोडॅक गोल्ड २०० चा रोल भरला आणि व्ह्यूफाइंडरमधला उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा प्रत्येक वेळी मधोमध आणूनच फोटो काढले. तरीही गुहागरच्या किनाऱ्यावर घरच्यांचे चेहरे काळवंडले, आणि वेरूळच्या कैलास लेण्याचा काळा दगड मात्र राखाडी, फिका आला. मीटर बिघडलाय का? हातात धरायचा वेगळा मीटर घ्यावा का?

मीटर बहुधा ठणठणीत आहे. तुम्ही दिलेल्या दोन उदाहरणांवरूनच ते कळतं. बिघडलेला मीटर शक्यतो एकाच बाजूला चुकतो, म्हणजे सगळेच फोटो काळे किंवा सगळेच फिके. तुमच्याकडे उजळ जागी काळं आलं आणि काळ्या जागी फिकं आलं. चांगला चालणारा मीटर नेमका असाच वागतो, कारण समोर काय आहे ते त्याला कळत नाही. चौकटीतून येणारा सगळा उजेड तो एकत्र करतो आणि ‘हे सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे’ असं धरून चालतो. त्या हिशेबाने फिल्मवर मध्यम करडं उमटवायला जेवढं एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा एकूण उजेड, लागेल, तेवढं झालं की काटा मधोमध येतो. पांढरी भिंत दाखवा, तो ती करडी करायला निघेल. काळी म्हैस दाखवा, तीही करडीच होईल.

हा मध्यम करडा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारा रंग. मोजणीसाठी वापरायचं कोडॅकचं ग्रे कार्ड याच रंगाचं असतं. प्रत्यक्षात कॅमेऱ्यांचे मीटर १२-१३ टक्क्यांच्या आसपास जुळवलेले असतात असं म्हणणारेही बरेच आहेत आणि त्यावर तासन् तास वाद चालतात. फरक अर्ध्या स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). रंगीत निगेटिव्ह फिल्मवर तो दिसतसुद्धा नाही, म्हणून तो वाद इथेच सोडू.

के१००० आधी नीट समजून घ्या, कारण यात लपवाछपवी काहीच नाही. १९७६ ते १९९७ असा हा कॅमेरा बनत होता आणि त्याचा मीटर शेवटपर्यंत तसाच साधा राहिला. प्रिझमजवळ कॅडमियम सल्फाइडचे फोटोसेल आहेत. लेन्समधून आलेला उजेड त्यांच्यावर पडतो आणि उजवीकडचा काटा वरखाली होतो. वर गेला तर उजेड जास्त, खाली गेला तर कमी. मोजणी जवळजवळ पूर्ण चौकटीची सरासरी असते. पुढच्या काळातल्या निकॉन एफएम१० सारख्या कॅमेऱ्यांत मधल्या भागाला जास्त वजन असतं, तसं इथे नाही. म्हणून कोपऱ्यातलं आभाळसुद्धा निकालात आपला वाटा घेतं. तुमचे किनाऱ्यावरचे चेहरे तिथेच मार खाऊन गेले.

तो हिशेब आकड्यांत मांडू. दुपारचं ऊन, मंडळी समुद्राकडे पाठ करून उभी, सूर्य त्यांच्या मागे. चौकटीत अर्धं आभाळ, खाली चमकणारं पाणी आणि ओली वाळू. २०० ची फिल्म (हा फिल्मचा वेग, आकडा मोठा तेवढा उजेड कमी लागतो) आणि शटर १/२५० सेकंदाला असेल, तर काटा मधोमध यायला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ १६ च्या आसपास नेऊन ठेवावं लागतं. एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. पण सावलीतल्या त्या चेहऱ्यांना साधारण एफ ५.६ हवं असतं. १६ ते ११, ११ ते ८, ८ ते ५.६, असे तीन स्टॉप कमी पडले. चेहऱ्यांवर हव्या त्या उजेडाचा फक्त आठवा हिस्सा पोचला. असला फोटो लॅबवाला कितीही ओढून उजळ करू दे, चेहऱ्यावर चिखलकट करडेपणा आणि दाणा येणारच. निगेटिव्हवर तिथे काही उमटलेलंच नाही.

यावर उपाय म्हणजे काटा मधोमध आणण्याआधी त्याला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. फोटोची चौकट आणि मोजणीची चौकट एकच असली पाहिजे असा काही नियम नाही. के१००० मध्ये अर्धं बटण दाबून मोजणी धरून ठेवायची सोय नाही, आणि तीच याची मोठी सोय आहे. शटर आणि ॲपर्चर तुम्ही जिथे ठेवलंत तिथेच राहतात. जवळ जा, चेहऱ्याने चौकट भरा, काटा जुळवा, मागे या, पुन्हा चौकट धरा आणि फोटो काढा. मागे आल्यावर काटा वर उडालेला दिसेल. दिसू द्या. नवशिक्याचा हात इथेच रिंगकडे जातो, कारण काटा मधोमध नसला की काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं.

जवळ जाणं जमत नसेल तर कॅमेरा खाली झुकवा. आभाळ चौकटीबाहेर जाईल इतपत खाली, आणि ज्या उजेडात माणसं उभी आहेत त्याच उजेडातली जमीन किंवा गवत मोजा. हिरवं गवत मध्यम करड्याच्या बरंच जवळ असतं. डांबरी रस्ता जुना असेल तर चालतो, नवा काळाकुट्ट असेल तर नाही. किनाऱ्यावरची कोरडी वाळू मात्र फसवते. ती करड्यापेक्षा उजळ असते, म्हणून तिच्यावर मोजलंत तर एक स्टॉप जास्त द्या.

सगळ्यांत भरवशाचं साधन मात्र तुमच्या मनगटाच्या पुढेच आहे: तळहात. माणूस गोरा असो की सावळा, तळहाताच्या रंगात फारसा फरक नसतो, आणि तो मध्यम करड्यापेक्षा सुमारे एक स्टॉप उजळ असतो. म्हणून तळहात मोजायचा आणि एक स्टॉप उघडायचा. करताना चार गोष्टी सांभाळा. तळहातावर तोच उजेड पडला पाहिजे जो विषयावर पडतोय. विषय सावलीत असेल तर हातही सावलीत न्या. तळहात कॅमेऱ्याच्या दिशेने ठेवा. कॅमेऱ्याची किंवा डोक्याची सावली त्यावर पडू देऊ नका. आणि फोकस करायला जाऊ नका. हात धूसर दिसला तरी बिघडत नाही, चौकट भरली म्हणजे झालं. उलट लेन्स अगदी जवळच्या फोकसवर ओढली की फिल्मवर येणारा उजेड किंचित कमी होतो आणि मोजणीत विनाकारण फरक पडतो.

चेहरा मोजायचा झाला तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्रजी पुस्तकांत ‘चेहरा मोजा आणि एक स्टॉप वाढवा’ असं लिहिलेलं असतं. ते गोऱ्या कातडीला धरून आहे. आपल्याकडचा सावळा, उन्हात रापलेला चेहरा मध्यम करड्याच्या आसपासच असतो. तिथे काटा मधोमध ठेवला की बरोबर येतं. अगदी काळ्या रंगाचा चेहरा असेल तर उलट अर्धा स्टॉप कमी करावा लागतो. गोऱ्या माणसाला एक स्टॉप द्या. घरातल्या पाच जणांचे पाच रंग असतील तर चेहऱ्याच्या भानगडीत न पडता तळहातच मोजावा.

हे सगळं एकदम कामाला लागतं अशी जागा म्हणजे वारी. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे दिवे घाट चढते तेव्हा दाट ढग असतात, आभाळ पांढरं, माणसं पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांत, चेहरे काळेसावळे. कॅमेरा सरळ डोळ्याला लावलात तर २०० च्या फिल्मवर १/१२५ ला काटा एफ १६ च्या जवळ मधोमध येतो. आता हात पुढे करून तळहात मोजा, एफ ११ येईल. त्यात एक स्टॉप उघडा, एफ ८. म्हणजे सरळ काट्यावर विसंबणाऱ्याचा फोटो दोन स्टॉपनी काळा येणार, टोप्या मळकट करड्या होणार आणि टाळकऱ्याचे डोळे खोबणीत बुडणार. दाट ढगांचं एक बरं असतं, उजेड मिनिटामिनिटाला बदलत नाही. एफ ८ आणि १/१२५ एकदा बसवलं की पुढचा अर्धा तास काट्याकडे बघायचंच नाही. फुगडी सुरू झाली की १/२५० आणि एफ ५.६ करायचं, एक्स्पोजर तेच राहतं. ढग काळे झाले किंवा ऊन पडलं की पुन्हा तळहात. गर्दीत शिरल्यावर चौकटीत कधी पांढरी टोपी जास्त येते, कधी काळं घोंगडं. दर फोटोला काटा जुळवत बसलात तर तोच माणूस एका फोटोत काळा आणि दुसऱ्यात फिका येईल.

आता वेरूळ. तिथे मीटरने केलं ते फार वाईट नव्हतं. काळ्या बेसॉल्टने चौकट भरलेली होती, मीटरला तो करडा करायचा होता, म्हणून त्याने एक-दीड स्टॉप जास्त एक्स्पोजर द्यायला लावलं. रंगीत निगेटिव्ह फिल्म एवढं जास्तीचं हसत हसत घेते, दोन स्टॉपपर्यंतही विशेष तक्रार करत नाही. कमी पडलेलं मात्र तिला सोसत नाही. मग दगड फिका का दिसला? कारण लॅबमधला स्कॅनरही मीटरसारखाच विचार करतो. तोही सरासरी काढतो आणि करडं करून देतो. निगेटिव्हमध्ये दगडाचा सगळा पोत शाबूत असणार. लॅबमध्ये सांगा की हे फोटो एक-दीड स्टॉप गडद ठेवून पुन्हा स्कॅन करा. बहुधा काम होऊन जाईल. मोजताना काळजी घ्यायचीच असेल तर दगडावर काटा जुळवून एक स्टॉप कमी करा. त्याहून जास्त करू नका, विशेषतः कैलासच्या अंगणात. तिथे एका बाजूला उन्हातला दगड आणि दुसऱ्या बाजूला ओवऱ्यांतला अंधार, दोन्हींमध्ये सहज पाच स्टॉपचं अंतर असतं. निगेटिव्हवर दोन्ही पकडायचे असतील तर ज्या सावलीत तुम्हाला कोरीव काम दिसायला हवं आहे ती मोजा, आणि काट्याने सांगितलं त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. सावली गडद राहते, पण पोत जात नाही. कृष्णधवल फिल्मवाले हेच पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत.

स्लाइड फिल्मचं, म्हणजे जिच्यावर निगेटिव्ह न येता थेट खरं चित्र उमटतं तिचं, सगळं उलटं. एक्टाक्रोमसारखी स्लाइड फिल्म भरलीत तर अर्ध्या स्टॉपची चूकसुद्धा दिसते, आणि तिथे जास्तीचा उजेड घातक असतो, कारण उजळ भाग कोरा काच झाला की परत येत नाही. स्लाइडवर उजळ भागाकडे बघून मोजायचं, निगेटिव्हवर सावलीकडे बघून.

तरीही मीटर तपासून घ्याच, शंका मनात ठेवून रोल वाया घालवू नका. आधी सेल. खालच्या बाजूला नाण्याने फिरवायचं झाकण आहे, आत एलआर४४ किंवा एसआर४४ बसतो. एसआर४४ थोडा महाग असतो, पण तो संपेपर्यंत व्होल्टेज जवळजवळ स्थिर ठेवतो. एलआर४४ चं व्होल्टेज हळूहळू उतरत जातं आणि मीटर नकळत थापा मारायला लागतो. सेलच्या जागी हिरवट-पांढरी बुरशी असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. या कॅमेऱ्यात मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण लावलं की फोटोसेलला अंधार होतो आणि वीज जवळपास थांबते. झाकण हरवलं असेल तर आधी ते आणा. सेल पूर्ण मेला तरी शटर चालतच राहतं, फक्त काटा झोपतो.

मग फिल्मचा वेग. के१००० ला रोलच्या डबीवरचा कोड वाचता येत नाही, तो तुम्हीच सांगायचा असतो. शटरच्या चकतीची बाहेरची कडी उचलून फिरवा, छोट्या खिडकीत २०० आणा. जुन्या कॅमेऱ्यात वडिलांनी शेवटची फिल्म १०० ची वापरली असेल तर खिडकीत अजून १०० च असू शकतो.

आता निरभ्र दुपारी बाहेर जा. हिवाळ्यातला, धूळ नसलेला दिवस बघा, एप्रिल-मेची धूसर दुपार यासाठी कामाची नाही. सूर्य पाठीशी ठेवून उन्हातलं हिरवं गवत पूर्ण चौकटीत घ्या. २०० ची फिल्म, शटर १/२५०, काटा एफ १६ च्या आसपास मधोमध यायला हवा. अर्ध्या स्टॉपने इकडेतिकडे असेल तर सोडून द्या. मग घरात येऊन एकसारखा उजेड असलेल्या साध्या भिंतीवर बघा आणि फोनमधल्या लाइट मीटर ॲपशी ताडून पहा. बाहेर आणि आत दोन्हीकडे फरक सारखाच असेल, समजा दोन्हीकडे तुमचा मीटर एक स्टॉप जास्त द्यायला सांगतोय, तर दुरुस्तीची गरज नाही. खिडकीत २०० च्या जागी ४०० ठेवा, हिशेब जुळला. उन्हात बरोबर आणि घरात चूक, असं असेल तर फोटोसेल थकलाय. तेव्हा कॅमेरा एखाद्या जुन्या मेकॅनिककडे न्यावा किंवा फक्त बाहेरच मीटर वापरावा.

या फोटोसेलच्या दोन खोडी आहेत. एक म्हणजे तो सावकाश हलतो. कडक उन्हातून देवळात शिरलात तर डोळ्यांसारखाच त्यालाही वेळ लागतो. कमी उजेडात काटा थांबेपर्यंत थांबा, नाहीतर अजून सरकत असलेला काटा जुळवून बसाल. दुसरी म्हणजे तो डोळ्याच्या खिडकीजवळ बसलेला असल्यामुळे मागून घुसणारा उजेडही मोजतो. चष्मा लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चष्मा आणि कॅमेरा यांच्या फटीतून मागचं ऊन आत गेलं की काटा वर चढतो आणि फोटो काळा येतो. हाताने आडोसा करा. गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडात तर या मीटरकडून अपेक्षाच ठेवू नका. १०० च्या फिल्मवर एफ २ ला अर्धा सेकंद लागतो त्याच्या खाली तो भरवशाचा नाही.

गडद लाल फिल्टर लावून कृष्णधवल काढत असाल तर मोजणी फिल्टर काढून करा आणि तीन स्टॉप वाढवा. फिल्टरच्या आरपार मोजलेलं लालच्या बाबतीत जुळत नाही. पिवळ्याला तसंच मोजलं तरी चालतं.

पुढचा रोल धुवून आला की स्कॅनवरून निकाल लावू नका, निगेटिव्ह खिडकीशी धरा. ही सवय मीटरबद्दलच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकवते. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फोटोंचे नंबर छापलेले असतात. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या मीटरचा त्यांच्याशी संबंध नाही. नंबर ठळक आणि फोटो पातळ, पारदर्शक असतील तर एक्स्पोजर कमी पडलं. नंबरही पुसट असतील तर लॅबने रोल नीट धुतलेला नाही, तुमचा दोष नाही. फोटो जाड, गडद असतील तर जास्त झालं, पण प्रिंट निघेल. तुमच्या गुहागरच्या पट्टीत चेहऱ्यांच्या जागी जवळजवळ कोरी नारिंगी फिल्म दिसेल, आणि वेरूळच्या पट्टीत दगडाच्या जागी भरपूर माल. दोन्ही पट्ट्या शेजारी धरून एकदा बघाच.

राहिला हातातला मीटर. विषयावर पडणारा उजेड मोजणारा, पांढऱ्या गोळ्याचा मीटर चांगलाच असतो, कारण समोरची वस्तू पांढरी की काळी हा प्रश्नच तो उडवून लावतो. स्लाइड फिल्म किंवा स्टुडिओतला फ्लॅश वापरायचा असेल तर घ्या. रंगीत निगेटिव्हसाठी एवढ्यात नको. तळहात मोजून तुम्ही त्याच आकड्याच्या अर्ध्या स्टॉपच्या आत पोचता, आणि त्या पैशात बरेच रोल येतात.